केसांतल्या तारखा

२०२४च्या डिसेंबर अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांकडून केस झडण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. आधी डोकं खाजायचं, मग केस खरखरीत व्हायचे, आणि दोन-चार दिवसांत नुसता हात फिरवला तरी पुंजका हातात यायचा. यात बायका होत्या, शाळकरी पोरं होती, म्हातारी माणसंही होती. वाहिन्यांनी लगेच ‘टक्कल व्हायरस’ असं नाव ठेवलं आणि त्या गावांशी सोयरीक जमवताना लोक बिचकू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. ते साहजिकच होतं, कारण हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. इथल्या पाण्यातले क्षार आणि नायट्रेट हा जुनाच विषय आहे. मग बुरशीचा संशय आला, शाम्पूचा आला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस असे तिन्ही नमुने तपासून घेतले. विंचूदंशावरच्या उपचारामुळे ज्यांचं नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेलं, तेच हे बावस्कर. त्यांनी जाहीर केलेले आकडे असे होते: सेलेनियम रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनवर आलेल्या पंजाबच्या गव्हाकडे. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम भरपूर आहे, हे शेतीशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एप्रिल २०२५मध्ये बुलढाण्याच्या त्याच भागातल्या काही जणांची नखं वेडीवाकडी होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या.

माणसं तीच, मूलद्रव्य तेच, आणि आकडे मात्र तीन. त्यातला खरा कुठला, असं मला एका पत्रकाराने फोनवर विचारलं होतं. तिन्ही खरे. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढंच. त्या वेगळेपणातला काही भाग शरीर कुठला पदार्थ कुठे साठवतं याचा असतो आणि काही भाग निव्वळ काळाचा. केस आणि नखं तपासून माणसाच्या अंगात बाहेरून काय शिरलं हे शोधण्याच्या शास्त्रावर मराठीत आजवर तुटक लेख आले, सलग पुस्तक माझ्या पाहण्यात आलं नव्हतं. या पुस्तकाच्या दोन्ही लेखकांनी ते काम केलं आहे. त्यांनी मला प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मी एकच अट घातली: कौतुक कमी लिहीन, शंका जास्त. त्यांनी ती मान्य केली.

मूळ गोष्ट सोपी आहे. डोक्यावरचा केस म्हणजे मेलेला पदार्थ, जिवंत असतं ते त्याचं मूळ. या मुळाला रक्त मिळतं आणि रक्तात जे फिरत असेल त्यातलं थोडंसं, केस घडत असतानाच, त्याच्या आत अडकतं. केस आणि नख दोन्ही केराटीन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनात गंधक भरपूर, आणि पारा व आर्सेनिक यांचं गंधकाशी फार जमतं. एकदा चिकटले की सुटत नाहीत. सेलेनियम तर गंधकाचा सख्खा शेजारी. ते जास्त झालं की गंधकाच्याच जागी घुसतं आणि केसाची वीण कच्ची करतं, असं मानलं जातं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. हाताचं नख महिन्याला तीन मिलिमीटरच्या आसपास, पायाचं त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी. म्हणजे पाठीवर रुळणाऱ्या वेणीत तीन-चार वर्षं असतात आणि पायाच्या अंगठ्याचं आज कापलेलं टोक वर्षभरापूर्वी घडलेलं असतं. रक्त तपासणं म्हणजे आज खात्यात शिल्लक किती ते बघणं आणि केस तपासणं म्हणजे पासबुक वाचणं. आज शिल्लक शून्य असली तरी मार्चमध्ये मोठी रक्कम आली होती, हे पासबुकात राहतंच. आर्सेनिक रक्तातून काही तासांत आणि लघवीतून काही दिवसांत निघून जातं. म्हणून चार महिने उशिरा पोचलेल्या डॉक्टरला रक्तात काहीच सापडत नाही. माझ्या मते या शास्त्राचं खरं मोल मापात नाही, तारखेत आहे. पुस्तकात हे म्हणणं जागोजागी विखुरलेलं आहे. मी ते इथे एका जागी आणून ठेवतो.

त्याचा सगळ्यात दारुण पुरावा इराकमधला आहे. १९७१मध्ये दुष्काळानंतर तिथे परदेशातून बियाण्याचा गहू आणि बार्ली आली. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल पाऱ्याचं औषध चोळलेलं होतं. ओळख म्हणून लाल-गुलाबी रंग होता, आणि पोत्यांवरच्या सूचना खेड्यातल्या माणसाला वाचता येणार नाहीत अशा भाषांत होत्या. कित्येक ठिकाणी पेरणी उरकल्यावर धान्य पोचलं. लोकांनी ते धुतलं, रंग गेला, विष गेलं असं समजून त्याच्या भाकऱ्या केल्या. मिथाइल पाऱ्याची खोड अशी की तो खाल्ल्याबरोबर काही करत नाही. आठवडे जातात, मग हातापायांना मुंग्या येतात, चाल बिघडते, नजर आक्रसत जाते. ६,५३० माणसं रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतली ४५९ दगावली, ही फक्त रुग्णालयांतली नोंद. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले थॉमस क्लार्कसन आणि इराकी डॉक्टर यांनी नंतर जे केलं ते या क्षेत्रात आजही आदर्श मानलं जातं. त्यांनी खेड्यातल्या बायकांचे लांब केस घेतले, मुळापासून टोकापर्यंत त्यांचे छोटे-छोटे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यातला पारा मोजला. भाकरी कुठल्या महिन्यात सुरू झाली, कधी थांबली, पारा कुठल्या महिन्यात शिगेला पोचला, सगळं एका केसावर. ज्या बायका तेव्हा गरोदर होत्या त्यांच्या बाबतीत तर गर्भाच्या कितव्या महिन्यात किती पारा होता, हे मूल जन्मल्यावरही सांगता आलं. मग ते मूल कधी चालायला लागलं, कधी बोलायला लागलं, हे त्या आकड्याशी ताडून बघितलं गेलं. गरोदर स्त्रीने किती पारा असलेला मासा खावा, याबद्दलच्या मर्यादा ठरवताना हा एक मोठा आधार होता. पुढे फेरो बेटांवर फिलिप ग्रांजाँ यांनी आणि हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर रॉचेस्टरच्याच मंडळींनी आयांच्या केसांवरून हेच काम वर्षानुवर्षं चालवलं.

एका माणसाच्या बाबतीत हीच पद्धत किती नेमकी ठरते याचं उदाहरण कॅरन वेटरहान यांचं आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयातल्या या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या रबरी हातमोज्यावर ऑगस्ट १९९६मध्ये डायमिथाइल पाऱ्याचे थेंब पडले. मोजा पुरेसा नव्हता, पण ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लक्षणं दिसायला पाच महिने गेले आणि जून १९९७मध्ये त्या गेल्या. त्यांच्या केसावर पारा आधी नगण्य, मग एकदम कडा, मग हळूहळू उतार असा आलेख निघाला. विष एकदाच शिरलं होतं, रोज थोडं-थोडं नाही, हे त्यावरून ठरलं.

नखांचंही असंच. उत्तर ध्रुवाकडे निघालेला चार्ल्स फ्रान्सिस हॉल १८७१मध्ये ग्रीनलंडच्या बाजूला मेला. १९६८मध्ये चौन्सी लूमिस यांनी बर्फात टिकलेला त्याचा देह उकरून नखाचा नमुना नेला, तेव्हा आर्सेनिक नखाच्या टोकाकडे कमी आणि मुळाकडे जास्त निघालं. म्हणजे ते आयुष्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत शिरलेलं. कुणी दिलं की त्याने स्वतःच औषध म्हणून घेतलं, ते नख सांगू शकत नाही.

आता शंका. पुस्तकातलं चौथं प्रकरण मला सगळ्यात आवडलं, कारण लेखक तिथे स्वतःच्याच साधनावर उलटतपासणी करतात. केसात जे सापडतं ते सगळं रक्तातून आलेलं नसतं. धूळ बसते, घाम येतो, तेल लावलं जातं. काही कलपांत शिशाचं संयुग असायचं. सुरमा आणि काही काजळांत शिसं असतं. कोंड्यावरच्या काही शाम्पूंत सेलेनियमचं संयुग असतं, त्यामुळे सेलेनियम मोजायचं तर आधी डोक्याला काय लावता हे विचारणं भाग आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने केस आधी ॲसिटोनने, मग पाण्याने, मग पुन्हा ॲसिटोनने धुवायची रीत घालून दिली. तीही पुरी पडत नाही. ज्या गावात अंघोळीच्याच पाण्यात आर्सेनिक आहे तिथे ते बाहेरून केसात मुरतं आणि कितीही धुतलं तरी पूर्ण सुटत नाही. शिवाय डोक्यावरच्या दहा-पंधरा टक्के केसांची वाढ कुठल्याही वेळी थांबलेली असते. बटेत तेही येतात आणि तारखा थोड्या पुसट करतात.

पायाच्या नखांबद्दल एक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवतो. पाश्चात्त्य संशोधक पायाचं नख पसंत करतात. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला साठ हजारांहून जास्त परिचारिकांनी पायाच्या नखांचे तुकडे संशोधकांना पाठवले आणि त्यावर आजही शोधनिबंध निघतात. कारण असं दिलं जातं की पाय बुटात असतो, नख स्वच्छ राहतं. हे तर्कशास्त्र भातलावणीच्या चिखलात दिवसभर उभ्या असलेल्या बाईला लावून बघा. तिच्या अंगठ्याच्या नखाखाली शेत असतं. आपल्याकडे हाताचं नखही फार वेगळं नाही. पद्धत आयात करताना पायताणही आयात होईल असं गृहीत धरू नये.

इतिहासातल्या प्रसिद्ध माणसांच्या केसांनी या शास्त्राला प्रसिद्धीही दिली आणि हसंही केलं. १९६१मध्ये नेपोलियनच्या केसांत आर्सेनिक सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि त्याच्यावर विषप्रयोग झाला ही कथा जगभर गेली. २००८मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच्या कोर्सिकातल्या लहानपणापासून सेंट हेलेना बेटापर्यंतचे केस, त्याच्या मुलाचे आणि जोसेफिनचेही केस तपासले. सगळ्यांत आर्सेनिक आजच्या मानाने शंभरेक पट. लहानपणीही तेवढंच. त्या काळी रंगांत, औषधांत, सगळीकडे ते असायचं. मारेकऱ्याची गरज नव्हती. बेटोव्हेनची गंमत तर याहून मोठी आहे. त्याची म्हणून जपलेली एक बट तपासून त्याला शिशाची बाधा होती असं वीस वर्षं सांगितलं गेलं. २०२३मध्ये गुणसूत्रांच्या तपासणीत ती बट एका स्त्रीची निघाली. मग २०२४मध्ये खरोखर त्याच्या असलेल्या दोन बटा तपासल्या, तर त्यांत दर ग्रॅमला २५८ आणि ३८० मायक्रोग्रॅम शिसं निघालं. आज चार मायक्रोग्रॅमपर्यंत ठीक धरतात. निष्कर्ष तोच, पण आधीचा निव्वळ योगायोगाने बरोबर.

तुलना कुणाशी आणि नमुना कुणाचा, हे दोन प्रश्न ज्यांना विचारायचे नसतात त्यांचा धंदा मात्र जोरात चालतो. ‘केस पाठवा, शरीरातली सगळी विषं कळवतो, सोबत आहार आणि गोळ्या’ अशा जाहिराती आता मराठीतही दिसतात. २००१मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. एकाच निरोगी माणसाचे केस सहा व्यावसायिक प्रयोगशाळांना पाठवले गेले, आणि बारा मूलद्रव्यांच्या बाबतीत सर्वांत मोठ्या व सर्वांत छोट्या आकड्यात दहा पटींहून अधिक फरक निघाला. मिथाइल पारा, आर्सेनिक, काही प्रमाणात सेलेनियम, तंबाखूच्या धुरातलं निकोटिन आणि मोजकी कीटकनाशकं यांच्याबाबत केस विश्वासू आहे. ‘शरीरात जस्त कमी आहे’ असं तो सांगतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

बंगालचं काम प्रसिद्धी आणि धंदा या दोन टोकांच्या मधलं आहे आणि आपल्याला सर्वांत जवळचं. १९८३मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळे-पांढरे डाग आणि तळहातांवर खवले आलेले रुग्ण आले. कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक होतं. ज्या कूपनलिका हगवण-पटकीपासून वाचवायला खोदल्या, त्यांतूनच हे आलं. पुढे जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांचे विद्यार्थी गंगेच्या खोऱ्यात आणि बांगलादेशात गावोगाव फिरून पाणी, केस, नखं आणि लघवीचे नमुने गोळा करत राहिले. एक किलो केसांत एक मिलिग्रॅमहून जास्त आर्सेनिक म्हणजे धोका, असं मानतात. त्यांना आढळलं की ज्यांच्या अंगावर एकही डाग नाही अशा पुष्कळ लोकांची केस-नखं आधीच भरलेली होती. डाग दिसेपर्यंत थांबायचं की नाही हा प्रश्न त्यामुळे सरकारदरबारी टाळता येईना.

गोळा करण्याच्या कामावरचं प्रकरण कोरडं वाटेल, पण आरोग्यसेविकांनी आणि विज्ञानशिक्षकांनी तेच आधी वाचावं. केस डोक्याच्या मागच्या बाजूचे, मानेच्या वरचे, त्वचेला लागून स्टीलच्या कात्रीने कापायचे, शंभरेक पुरतात. कापण्याआधी मुळाकडच्या बाजूला दोरा बांधायचा. दोरा विसरला की कुठलं टोक आजचं आणि कुठलं वर्षापूर्वीचं ते कळत नाही, आणि मग उरतो फक्त एक सरासरी आकडा. यंत्र कितीही महाग असलं तरी तो दोरा परत बांधू शकत नाही.

आणि गावात कुणी केस सहज देईल असं समजू नका. कापलेले केस आणि नखं कुणाच्या हाती पडू नयेत, करणी होते, भानामती होते, ही भीती आपल्याकडे अजून आहे. लेखकांनी तिला अंधश्रद्धा म्हणून झटकलेलं नाही, हे मला बरं वाटलं. उरलेला नमुना देणाऱ्याला परत द्यावा किंवा त्याच्यासमोर जाळावा, हा त्यांचा सल्ला व्यवहारी आहे. दुसऱ्या बाजूने आपल्याकडे अशी एक रीत आहे जी या शास्त्राच्या कामी येऊ शकते: जावळ. मामाच्या मांडीवर बसवून बाळाचे पहिले केस काढतात. त्यांतल्या टोकाकडच्या भागात, तो गळून गेला नसेल तर, पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातून जे आलं त्याची नोंद असते. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ डबीत जपतात. पाऱ्याच्या विषबाधेने गाजलेल्या जपानमधल्या मिनामाताच्या मुलांच्या अशा जपलेल्या नाळांत निशिगाकी आणि मासाझुमी हारादा यांना मिथाइल पारा सापडला होता. १९७५मध्ये ते प्रसिद्ध झालं. कुणी सांगितलेलं नसताना आयांनी पुरावा सांभाळला होता.

मिनामाताचा उल्लेख आला, तर त्यातली एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. १ मे १९५६ रोजी तिथल्या पाऱ्याच्या रोगाची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीचा पारा खाडीत जात होता, मासे तो गिळत होते, कोळी मासे खात होते. १९६० पासून कुमामोतो प्रांताने शिरानुई समुद्राकाठच्या लोकांचे केस तपासले. गोशोउरा बेटावरच्या एका स्त्रीच्या केसांत ९२० पीपीएम पारा निघाला. नेहमी मासे खाणाऱ्या माणसाच्या केसांत तो दोन-चार पीपीएम असतो. मोजणी चोख होती. तिच्यापर्यंत उपचार म्हणून, इशारा म्हणून त्यातलं काही पोचलं नाही. तपासणी काही वर्षांत बंद झाली आणि कारखान्याचं ते सांडपाणी १९६८पर्यंत चालू राहिलं.

युरोपातल्या १७ देशांनी २०११-१२मध्ये १,८४४ आई-मुलांच्या जोड्यांच्या केसांतला पारा एकाच पद्धतीने मोजला आणि कुठल्या देशात काय प्रमाण आहे याची पायाभूत पातळी ठरवली. आपल्याकडे अशी देशव्यापी, सातत्याने चालणारी मोजणी नाही. म्हणून बुलढाण्यातला आकडा १५० पट म्हटला की कशाच्या १५० पट, हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं. मुंबईजवळच्या उल्हास खाडीच्या गाळात कारखान्यांचा पारा साठल्याचं समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. कोकणातला माणूस बांगडा, तारली खातो तेव्हा पाऱ्याची फारशी चिंता नसावी. मोठी मोरी, मोठी सुरमई यांची गोष्ट वेगळी, कारण मोठा मासा लहानांना खातो आणि त्यांचा पारा आपल्यात साठवतो. वसई ते मालवण किनाऱ्यावरच्या गरोदर बायकांच्या केसांची अशी एक पद्धतशीर पाहणी व्हावी असं मला वाटतं. त्यासाठी लागणारं यंत्र पुण्यामुंबईत आहे.

शेवटच्या प्रकरणात माझं आणि लेखकांचं जमलेलं नाही. निकाल गावाला एकत्रित सांगावा आणि वैयक्तिक आकडा फक्त मागेल त्यालाच द्यावा, असं त्यांचं मत आहे. एकट्या आकड्याने माणूस घाबरतो, जमीन विकतो, मुलीचं लग्न मोडतं, हे त्यांनी पाहिलं आहे. माझं म्हणणं असं की ज्याच्या डोक्यावरचे केस घेतले त्याच्या घरी जाऊन, बसून, आकडा आणि त्याचा अर्थ दोन्ही सांगितल्याशिवाय नमुना घेऊच नये. आणि निकाल सांगण्याचा खर्च संशोधनाच्या अर्जात धरलेला नसेल तर तो अर्ज नामंजूर करावा. लेखकांनी माझ्या सूचनेनुसार मजकूर बदलला नाही. आपल्या बाजूची कारणं मात्र त्यांनी पृष्ठभर दिली आहेत, आणि ती वाचण्यासारखी आहेत.